डाव्या मांडणीतली माती

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. संशोधन केंद्रात तिला सगळे मोजणीताई म्हणायचे. मोठे साहेब म्हणायचे, फाटकावरचा पहारेकरी म्हणायचा, आणि घरी नवऱ्याला ते इतकं आवडलं होतं की चहा फिका झाला की तो कप पुढे करून विचारायचा, "अहो मोजणीताई, आज साखरेचे किती दाणे टाकलेत?"

मोजणीताई मातीतले किडे मोजायची. ते इतके बारीक की ओंजळभर मातीत शेकड्यांनी असले तरी माणसाला माती रिकामीच वाटते. त्यात एक जात होती पांढुरक्या किड्यांची. पोटाखाली चिमट्यासारखी शेपटी दुमडून ठेवायची आणि धोका वाटला की चिमटा सोडून टुणकन उडी मारायची. पुस्तकात त्यांना लांबलचक नाव होतं. ती त्यांना उडे म्हणायची. कुजलेलं पान, मेलेलं मूळ, बुरशी, काय मिळेल ते हे उडे खातात आणि त्याची माती करतात. सत्तावीस वर्षं ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांना मोजत होती. उजव्या हातात सुई, डाव्या हातात टिकटिक करणारं मोजणीयंत्र. एक किडा बाजूला सरकवला की एक टिक.

एकदा शेजारच्या बाईंनी तिच्या नवऱ्याला विचारलं होतं, "किडे मोजायचे पगार देतात?"

"देतात तर. पायांवर देतात," तो म्हणाला होता. "एका किड्याला सहा पाय. आमचं बरं चाललंय."

तो बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याला मोठ्या वस्तूंची सवय. बायकोचं काम त्याला कधी नीट कळलं नाही, पण तिचा आकडा चुकत नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं. केंद्रातही तसंच होतं. दोन शास्त्रज्ञांचं भांडण जुंपलं की तिसरा म्हणायचा, "ताईंनी मोजलंय का? मग मिटलं." हे वाक्य तिने पाठमोरी असताना कितीतरी वेळा ऐकलं होतं. ऐकून ती वळली नव्हती एकदाही. पण त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं.

पाच वर्षांपूर्वी केंद्राकडे नव्या मक्याचं काम आलं. ह्या मक्याच्या बियाण्यातच असा बदल केला होता की खोड पोखरणारी अळी त्याचं पान खाल्लं की मरायची. फवारणी नको, औषध नको. अळी मरत होती, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. प्रश्न पुढचा होता. कणसं काढून नेली तरी मुळं मातीत राहतात, धाटं तिथेच कुजतात. अळीला मारणारी वस्तू त्या मुळांतही असते, धाटांतही असते. मग ज्यांचा अळीशी काही संबंध नाही, जे बिचारे खाली अंधारात मेलेलं खाऊन जगतात, त्यांचं काय होतं? परवानगी देणाऱ्या समितीला हे पाच हंगामांच्या आकड्यांनिशी हवं होतं. आणि आकडे म्हणजे मोजणीताई.

शेताचे आठ तुकडे पाडले. चारांत नेहमीचा मका, चारांत नवा. प्रत्येक तुकड्यातून पोलादी नळी ठोकून पाच ठिकाणची माती काढायची. असे झाले चाळीस नमुने. ते आणायचे नरसाळ्यांच्या खोलीत. त्या अरुंद खोलीत समोरासमोर दोन मांडण्या होत्या, प्रत्येकीवर वीस पत्र्याची नरसाळी. नरसाळ्यात जाळी, जाळीवर माती, वर पत्र्याच्या टोपीत लपलेला साठ वॅटचा बल्ब, खाली स्पिरिटची बाटली. दिवे लावले की माती वरून तापते, सुकते. किडे ऊब आणि कोरड यांना भिऊन खाली खाली जातात, जाळीतून निसटतात आणि बाटलीत पडतात. पाच दिवस खोलीचं दार बंद. वारा नको, हादरा नको, कुणी आत जायचं नाही. सहाव्या दिवशी दाराजवळचं बटण बंद करायचं, मगच आत शिरायचं आणि बाटल्या उचलायच्या. हा नियम ताईचाच होता आणि मोठ्या साहेबांनीही तो कधी मोडला नव्हता.

ह्या कामासाठी एक तरुण संशोधक नव्याने रुजू झाली होती. नुकतीच डॉक्टरेट मिळवलेली, म्हणून सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. त्यात थोडी थट्टा होती. पहिल्याच आठवड्यात ती खोलीत आली आणि मांडण्यांकडे बघत म्हणाली, "ताई, नमुने दर वेळी जागा बदलून ठेवायला हवेत. कुठला कुठे, ते चिठ्ठ्या काढून ठरवू या."

"चिठ्ठ्या? ही काय सोडत आहे?"

"तसं नाही हो. एखादी मांडणी खिडकीकडे असते, एखादीला जास्त धग लागते. एकाच जातीचा मका कायम एकाच बाजूला ठेवला तर मक्याचा फरक कुठला आणि मांडणीचा कुठला, हे कळत नाही."

"बाई, बाटल्या चाळीस आहेत आणि सगळ्या सारख्या. त्या फिरवाफिरवीत एक चिठ्ठी इकडची तिकडे चिकटली की पाच दिवस पाण्यात. डावीकडे जुना, उजवीकडे नवा. मला झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही."

"तुमचं चुकेल असं मी म्हणतच नाहीये."

"मग झालं तर."

डॉक्टरीणबाईची नोकरी अजून कायम झाली नव्हती. समोर बावीस वर्षांचा अनुभव पदर खोचून उभा होता. तिने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

पहिल्या हंगामात डावीकडे, म्हणजे जुन्या मक्याच्या मातीत, दर नरसाळ्यामागे एकशेबारा उडे निघाले. उजवीकडे चौऱ्याऐंशी. दुसऱ्या हंगामात एकशेआठ आणि एक्क्याऐंशी. डॉक्टरीणबाई दोन दिवस नुसती कागदाला कागद लावत बसली. मोठे साहेब म्हणाले, "दोन हंगामांनी काय होतंय? बघू पुढे." ताईला दोघांशीही देणंघेणं नव्हतं. तिने मोजलं होतं, इतकंच.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रिया झाली, दोन महिने ती घरी काळा चष्मा लावून बसली. नवरा पेपर वाचून दाखवायचा आणि मध्येच स्वतःच्या मनाच्या बातम्या घुसवायचा. ती परत कामावर गेली तेव्हा जग धुऊन पुसून ठेवल्यासारखं लख्ख दिसत होतं. किड्यांच्या मिशासुद्धा तिला नव्या वाटल्या. तिसरा हंगाम लागला. डावीकडे त्र्याऐंशी, उजवीकडे ब्याऐंशी. चौथ्यात असाच एखाददुसऱ्याचा फरक. पाचव्यातही.

"बघा," मोठे साहेब म्हणाले, "सुरुवातीला माती बिचकली, मग सावरली. जमीन फार सोसणारी असते."

डॉक्टरीणबाईला ते पटलं नव्हतं, पण आकडा ताईचा होता. तिने अहवाल लिहायला घेतला. शेवटच्या पानावर आभाराची ओळ होती आणि तिच्यात ताईचं खरं नाव छापलं जाणार होतं. कच्चा कागद तिने ताईला दाखवला. ताईने चष्मा पुसला, वाचलं, आणि "आडनावात वेलांटी पहिली हवी," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी घरी जाताना ती नेहमीची बस न धरता एक थांबा चालत गेली.

त्यानंतर चारच दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, ती मागच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसली होती. सफाईवाली मावशी शेजारी येऊन टेकली. नरसाळ्यांतली वापरून झालेली माती उपसून टाकायचं काम मावशीचं. तिने उपाहारगृहाच्या मागे डबे, फुटक्या बादल्या, जे मिळेल त्यात झाडं लावली होती.

"ताई, एक विचारू? त्या डावीकडच्या मातीला तुम्ही पाणी घालता का?"

"नाही. का गं?"

"मग ती ओली कशी राहते? उजवीकडची म्हणजे नुसता भुगा, फुंकर मारली की डोळ्यात. ती मी फेकून देते. डावीकडची मात्र जपून आणते झाडांना. काय भुसभुशीत असते! आणि जिवंत."

ताईचा घास हातातच राहिला. "जिवंत म्हणजे?"

"त्यात पांढरं पांढरं काहीतरी टणाटण उडतं. मागच्या खेपेला माझ्या मनगटावर आलं. मी म्हटलं, जा बाबा, घरी जा."

"कधीपासून?"

"झाली की दोन-अडीच वर्षं. तुमच्या डोळ्यांचं झालं ना, तेव्हापासून. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी नवीन सुरू केलंय." मावशीने तिच्याकडे बघितलं. "काय झालं? मी आणायला नको होती का? सांगायचं ना मग."

ताई उठली. डबा तसाच पायरीवर राहिला. नरसाळ्यांच्या खोलीत शेवटची माती अजून मांडण्यांवर होती; बाटल्या उचलून झाल्या होत्या, माती उपसायची बाकी होती. तिने दाराजवळचं बटण दाबलं. दिवे चालू असताना ह्या खोलीत पाऊल टाकायची तिची ही सत्तावीस वर्षांतली पहिलीच वेळ. थोडा वेळ ती मध्ये उभी राहिली. मग उजव्या मांडणीवरच्या एका टोपीला तिने हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. डावीकडच्या टोपीला लावला. टोपी गार होती. दुसरी गार. विसावीपर्यंत ती हात लावत गेली. शेवटची टोपी उचलून बघितली तर आत दुधी पांढरा एलईडी दिवा, शांतपणे जळणारा. त्याच्याखाली बोट धरलं तर ऊब म्हणावी तर ऊबही नाही.

भांडारवाले काका खिडकीच्या जाळीमागे बसायचे. त्यांनी आनंदाने रजिस्टर काढलं.

"हे बघा. वीजबचतीचं परिपत्रक आलं होतं. जुने दिवे काढा, नवे लावा. तुम्ही रजेवर होतात. खोक्यात वीसच दिवे निघाले, म्हणून एका बाजूचे बदलले. दुसऱ्या बाजूचे पुढच्या खेपेला मागवलेत, अजून यायचेत."

"काका, त्या दिव्यांना धग नाही."

"नाहीच ना! तीच तर गंमत आहे. धगीत वीज वाया जाते. वरून कौतुकाचं पत्रसुद्धा आलंय आपल्याला." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघून आवाज उतरवला. "ताई, दिवा म्हणजे उजेड. उजेड पडतो ना? मग कुठे बिघडलं?"

तिला त्यांच्यावर रागावता येईना. त्यांनी बल्ब बदलले होते. बल्ब बदलणं काही गुन्हा नव्हे. नमुने इकडचे तिकडे फिरवले असते तर काही थंड दिवे जुन्या मक्याच्या वाट्याला आले असते, काही नव्याच्या, आणि घोळ तिसऱ्याच हंगामात उघडा पडला असता. पण डावीकडे कायम जुना. झोपेतून उठवून विचारा.

डावीकडच्या वीसही नरसाळ्यांतली माती तिने उजवीकडच्या बल्बांखाली ठेवली आणि पाच दिवस थांबली. बाटल्यांत उडे पडलेच. कुठे तीस, कुठे पन्नास, एकीत फक्त चार. हे मधल्या काळात जन्मलेले किती, मेलेले किती, आधीच्या आकड्यात मिळवायचे की नाही, काहीच सांगता येत नव्हतं. तीन हंगामांचा जुन्या मक्याचा आकडा खोटा होता आणि खरा कुठला, ते आता शोधूनही सापडणार नव्हतं.

डॉक्टरीणबाईने सगळं ऐकून घेतलं. एक शब्द तोडून बोलली नाही. "मी तेव्हा हट्ट धरायला हवा होता," एवढंच म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते तर ताईला सोपं गेलं असतं.

दोघी मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताईला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"एक हंगाम आणखी करू या, सर," डॉक्टरीणबाई म्हणाली. "सगळीकडे एकसारखे बल्ब, आणि जागा चिठ्ठ्या काढून."

"एक हंगाम म्हणजे एक वर्ष. बियाणं कंपनीशी करार पाचांचा आहे, सहाव्याची तरतूद कोण करणार? आणि समितीची बैठक पुढच्याच महिन्यात." ते ताईकडे वळले. "ताई, तुमच्या निवृत्तीला किती राहिलं?"

"दीड वर्ष."

"बघा. आता हे उकरायचं तर चौकशी होणार. दिव्यांमुळे आकडे बिघडले, मान्य. पण ते एकाच बाजूचे बिघडले, ते मांडणीमुळे. मांडणी कुणी ठरवली होती?"

"मी."

"मी तुमचं नाव घेतलेलं नाही. तुम्हीच घेतलंत." ते थोडं हसले, दुष्टपणाने नव्हे. "आणि समजा दिवे सारखे असते, तरी आकडे सारखेच आले नसते कशावरून?"

"तेच तर मोजायला हवं ना, साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "तुम्ही विचार करा," ते म्हणाले. "मी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही."

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. तिने सगळं सांगितलं. तो देठं मोडत ऐकत राहिला.

"तू गप्प बसलीस तर काय होईल?"

"दोन्हीकडे सारखे निघाले असं छापून येईल. खाली माझं नाव."

"आणि बोललीस तर?"

"ठाऊक नाही."

"मी सांगतो." त्याने देठं पेपरात गुंडाळली. "माझ्या बसचा ब्रेक लागत नसला की मी डेपोत लिहून द्यायचो. लिहून दिलं की माझी त्या बसवरून सुटका."

"आणि बस?"

"बस दुसऱ्याला द्यायचे."

"अहो, म्हणजे ती चालूच राहायची? आणि आत बसलेली माणसं?"

तो उठून आत गेला आणि बराच वेळ नळाखाली भाजी धूत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "तू लिहिणारच आहेस. मला कशाला विचारतेस? लिही. निदान अक्षर तरी चांगलं आहे तुझं."

तिने लिहिलं. एक पानाचं पत्र. पहिल्या ओळीत स्वतःची चूक: नमुन्यांच्या जागा न बदलण्याचा आग्रह माझा होता. मग दिवे, त्यांची तारीख, ओली माती, वीस बाटल्यांतले आकडे. शेवटी विनंती, की आणखी एक हंगाम मोजणी व्हावी, ती मी सुट्टीच्या दिवशीही करीन. पत्र तिने आवक विभागात दिलं, शिक्का मारून घेतला आणि शिक्क्यावरची तारीख बरोबर आहे ना ते बघितलं.

तीन आठवडे काहीच झालं नाही. कुणी बोलावलं नाही, कुणी रागावलं नाही. चौकशीही झाली नाही. मग एक दिवस डॉक्टरीणबाई छापलेला अहवाल घेऊन तिच्या टेबलाशी आली आणि एक पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. किड्यांचा तक्ता होता ती जागा आता कोरी नव्हती, पण तक्ताही नव्हता. तिथे लिहिलं होतं: मोजणी साहाय्यिकेने स्वतः लेखी कळवलेल्या पद्धतीतील दोषामुळे मातीतील सूक्ष्म किड्यांची पाचही हंगामांची आकडेवारी विचारात घेतलेली नाही.

"पाचही?" ताई म्हणाली. "पहिल्या दोनांत दिवे सारखे होते की."

"मांडणी तीच होती, ताई. तुमच्याच पत्रात आहे." डॉक्टरीणबाई खाली बघत होती. "माझ्या सहीशिवाय गेलाय हा. मी सही केली नाही. तशी ती लागतच नव्हती म्हणे."

तिने पान उलटलं. पुढे निष्कर्षात एक ओळ होती: मातीतील इतर सजीवांवर विपरीत परिणाम होत असल्याचा पुरावा उपलब्ध नाही.

ताईने दोन्ही वाक्यं पुन्हा वाचली. दोन्ही खरी होती. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आभाराच्या पानावरून तिचं नाव गेलं होतं. ते जाणारच, तिला कळत होतं. पण एक दोष सांगितला म्हणून सगळं मोजणंच पुसून टाकता येतं आणि मग त्या पुसलेल्या जागेचंच प्रमाणपत्र होतं, हे तिला सत्तावीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

समितीची बैठक झाली. परवानगी मिळाली. जिन्यात मोठे साहेब भेटले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्ही लिहून दिलंत ते फार बरं केलंत. त्या तक्त्यावर प्रश्न निघाले असते, तासभर काथ्याकूट झाला असता. तुमच्या पत्राने विषयच मिटला." ते मनापासून बोलत होते. ताई कठड्याला धरून उभी राहिली आणि ते खाली उतरून दिसेनासे झाल्यावरच पुढची पायरी चढली.

पेरणीच्या दिवसांत ती शेतावर गेली. आपलं आपणच, रजा टाकून का होईना, एक हंगाम मोजावा असं तिच्या मनात होतं. नळीही तिने पिशवीत घेतली होती. मुकादम बांधावर उभा होता. आठ तुकड्यांच्या मधल्या खुणेच्या काठ्या उपटून एका बाजूला रचल्या होत्या.

"जुना मका कुठल्या तुकड्यात टाकलाय?" तिने विचारलं.

"कुठला जुना, ताई? आता सगळा नवाच. परवानगी मिळाली ना. जुनं बियाणं यंदा आलंच नाही, ते कोण विकतं आता?"

"म्हणजे शेजारी ठेवून बघायला काहीच नाही?"

"बघायचंय काय त्यात? मका आहे. उगवेल."

तिने नळी बाहेर काढलीच नाही. नुसत्या नव्याच्या मातीतले उडे मोजून काय सांगणार? कमी म्हणायचं तर कशाहून कमी?

तिच्या पत्राची गोष्ट मात्र कुठूनतरी बाहेर फुटली. एका रविवारी सकाळी, माती वाचवण्याचं काम करणाऱ्या एका संघटनेच्या बाई दोन कार्यकर्त्यांना घेऊन घरी आल्या. खरखरीत सुती झोळी, आवाजात कळकळ. त्यांनी ताईचे दोन्ही हात हातात घेतले.

"ताई, तुमच्यासारखं एखादं माणूस असतं म्हणून आम्ही लढू शकतो. आम्हाला फक्त एक वाक्य हवंय. ह्या मक्याने मातीतले जीव मरतात. तुमच्या तोंडून."

"दोन हंगाम कमी निघाले होते," ताई म्हणाली.

"हेच! लिहा रे."

"थांबा. डावी मांडणी खिडकीकडची. तिकडे दुपारी ऊन येतं. तेवढ्यानेही डावीकडचे किडे जास्त उतरले असतील. मक्याचा फरक की खिडकीचा, मला सांगता येत नाही."

कार्यकर्त्याचं पेन थांबलं. बाईंनी हात सोडले.

"पण तुम्हाला आतून काय वाटतं?"

"वाटतं ते मी कधी लिहीत नाही."

"ताई, इतक्या वर्षांचा अनुभव तुमचा! लाखो एकरांत जाणार आहे हे बियाणं. तुमच्या एका शब्दावर थांबू शकेल."

ताईला तो शब्द द्यावासा वाटत नव्हता असं नाही. साहेबांचे जिन्यातले जोडलेले हात तिला दिसत होते. एक वाक्य, आणि ते हात तरी सुटले असते. जिभेपर्यंत आलं होतं.

"मोजलेलं नाही," ती म्हणाली. "मी मोजलं होतं ते मीच बिघडवलं. आता मोजता येणार नाही."

बाई उठल्या. दारापाशी चपला घालताना म्हणाल्या, "केंद्रातून आधीच कुणी येऊन गेलेलं दिसतंय. काय देऊन गेले?"

"बाई," इतका वेळ कोपऱ्यात बसलेला नवरा म्हणाला, "काही दिलं असतं तर तुम्हाला ह्या डुगडुगत्या खुर्चीवर बसवलं असतं का? जपून उतरा. तिसरी पायरी फुटलीय."

ते गेल्यावर तो तिच्यासमोर येऊन बसला. "त्यांच्याही शिव्या, ह्यांचाही वापर," तो म्हणाला. "अगं, कुणा एकाची तरी झाली असतीस."

"तुम्हाला काय वाटतं, मरतात का ते?" तिने विचारलं.

"मला? मरत असतील."

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली, आणि एवढं बोलून तिने तोंडाला पदर लावला. नवरा पहिल्यांदाच गोंधळून गेला. त्याला थट्टा सुचेना.

डॉक्टरीणबाईची बदली दुसऱ्या केंद्रात झाली. नरसाळ्यांची खोली रिकामी केली. पत्रा भंगारात गेला, डाव्या मांडणीवरचे वीस पांढरे दिवे मात्र काकांनी काढून व्हरांड्यात लावले, तिथे ते छान उजेड देतात. खोलीत बियाणं तपासायची सोय झाली. ओल्या कागदावर मक्याचे शंभर दाणे ठेवायचे, सात दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. तो आकडा बियाण्याच्या पिशवीवर छापतात. साहेब म्हणाले, "हे ताईंकडेच द्या. त्यांच्या आकड्यावर कुणी शंका घेत नाही. स्वतःची चूक स्वतः लिहून देणारी बाई आहे ती."

सातव्या दिवशी कारकून दारात येऊन उभा राहिला. ताईने कागद उलगडला. दाण्यांतून पांढरी, ओलसर मुळं बाहेर आली होती. सरळ, जोमदार, एकमेकांत गुंतलेली. ती सुईने एकेक वेगळं करत गेली. दोन दाणे उगवले नव्हते. तिने ते बोटांनी दाबून पाहिले.

"झालं का, ताई? छापखान्याचा माणूस खाली थांबलाय."

"अठ्ठ्याण्णव."

"शंभर टाकू का? दोनाने काय होतंय?"

"अठ्ठ्याण्णव लिहा," ती म्हणाली.

त्याने अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने वाचून सही केली.